अपंगत्व लाभ नाकारल्यानंतर : ६० दिवसांची मुदत

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे यजमान गोदामात काम करीत असत. पाठीच्या विकारामुळे ते काम सुटले. सोशल सिक्युरिटीकडे (अमेरिकी सरकारच्या सामाजिक सुरक्षा विभागाकडे) अपंगत्व लाभासाठी केलेला अर्ज सुनावणीनंतर फेटाळला गेला आणि आता अपील्स कौन्सिलनेही (त्याच विभागाच्या अपील मंडळानेही) प्रकरण तपासण्यास नकार दिला आहे. नवा एमआरआय घेऊन न्यायालयात गेल्यास उपयोग होईल का?

उत्तर : आधी पत्रावरची तारीख पाहावी. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत संघीय जिल्हा न्यायालयात दावा दाखल व्हावा लागतो आणि पत्र त्यावरच्या तारखेपासून ५ दिवसांत मिळाले, असे नियम गृहीत धरतात. मुदतवाढ अपील्स कौन्सिलकडे लेखी, सबळ कारणासह मागता येते. पण मागितली म्हणजे मिळाली, असे समजू नये. (येथील ‘जिल्हा’ आपल्याकडच्यासारखा नव्हे, संपूर्ण न्यू जर्सी हा एकच न्यायिक जिल्हा असून नेवार्क, ट्रेंटन आणि कॅमडेन येथे त्याची न्यायालये आहेत.)

एमआरआयवर फार भिस्त ठेवू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. यजमान आजारी आहेत की नाहीत, हे न्यायालय नव्याने ठरवीत नाही. सोशल सिक्युरिटीच्या सुनावणीतील न्यायाधीशाने कायदा नीट लावला का आणि त्याच्या निष्कर्षाला प्रकरणाच्या नोंदीत, म्हणजे आधीच दाखल झालेल्या कागदपत्रांत व साक्षींत, पुरेसा आधार आहे का, एवढेच ते पाहते. हा आधार फार भक्कम असावा लागत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. म्हणून निकालपत्र ओळीन्‌ओळ वाचावे : डॉक्टरांचे मत कारण न देता बाजूला सारले आहे का, किंवा व्यवसायतज्ज्ञाला (अर्जदाराला कोणती कामे जमतील, हे सुनावणीत सांगणाऱ्या साक्षीदाराला) प्रश्न विचारताना पाठीमुळे आलेली एखादी मर्यादा, उदाहरणार्थ फार वेळ बसता न येणे, वगळली आहे का? दाव्याचे बळ अशा त्रुटींत असते. नवा पुरावा निकालात तपासलेल्याच काळातील प्रकृतीशी संबंधित व निर्णायक ठरू शकणारा असेल आणि आधी न देण्यास रास्त कारण असेल, तरच न्यायालय त्यासाठी प्रकरण सोशल सिक्युरिटीकडे परत पाठवू शकते. जिंकल्यावरही बहुधा थेट लाभ मिळत नाही, तर फेरसुनावणी होते.

दाव्याचे शुल्क ४०५ डॉलर असून ऐपत नसल्यास माफीचा अर्ज करता येतो. मात्र पत्नी या नात्याने आपण त्यांच्या वतीने दाव्यावर सही करू शकत नाही. ती त्यांची स्वतःची किंवा वकिलाची असावी लागते.