हँडल आपल्या हातात, मग रोबोटला डोकं कशाला?

प्रश्न: रोबोट लांबून माणूसच चालवतोय म्हटल्यावर त्याला स्वतःची अक्कल हवी कशाला? आणि मी डावीकडे म्हटलं, तो उजवीकडे म्हणाला, तर ऐकायचं कुणाचं?

उत्तर: पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे उशीर. रोबोट चंद्रावर असेल तर सिग्नल तिथे जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात, ऐकायला किरकोळ वाटतं, पण जॉयस्टिक हलवल्यावर स्क्रीनवर अडीच सेकंद काहीच होत नाही म्हटलं की माणूस अजून जोरात ढकलतो, आणि मग सगळंच जास्त होतं! १९६० च्या दशकातच प्रयोगात दिसलं होतं की अशा वेळी माणसं आपोआप थोडं हलवतात, थांबतात, बघतात, परत थोडं हलवतात. काम होतं पण जीव जातो. १९९३ मध्ये कोलंबिया अंतराळयानातला रोटेक्स नावाचा रोबोटिक हात जर्मन टीमने जमिनीवरूनही चालवून पाहिला, उशीर सहा सेकंदांच्या आसपास. तिथे ढोबळ हालचाल माणूस सांगायचा आणि पकडीतले सेन्सर शेवटचं बारीक जुळवून घ्यायचे. माणूस आणि मशीनमधली कामाची वाटणी म्हणतात ती हीच.

पण उशीर नसला तरी वाटणी कामाची असते बरं का. फूटपट्टी लावून रेघ मारता ना, पेन्सिल तुमच्याच हातात असते, फक्त वाकडी जाऊ शकत नाही. १९९२ च्या सुमारास लुई रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकाने लांबून चालवायच्या रोबोटसाठी अशीच न दिसणारी पट्टी बनवली, म्हणजे ऑपरेटरचा हात ठरलेल्या रेषेबाहेर जायला लागला की अडतो. सर्जरीच्या रोबोटमध्ये हाताची थरथर गाळून टाकतात तेही याच जातीतलं, डॉक्टरला पत्ताही लागत नाही.

आता भांडण झालं तर. बऱ्याच ठिकाणी दोघांच्या कमांडची सरासरीसारखी भेळ करतात, आणि मला हे सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण समोर खांब असेल, तुम्ही डावीकडून जाताय आणि मशीन उजवीकडून, तर सरासरी थेट खांबावर! त्यापेक्षा मशीनने आधी ओळखावं की याला जायचंय कुठे, आणि खात्री असेल तेवढीच मदत करावी. आणि ती करताना हँडलमधून हाताला जाणवू द्यावी, म्हणजे नको असेल तर जरा जोर लावून मोडता येते. गुपचूप केलेली मदत मोडणार कशी, ती चालू आहे हेच माहीत नसतं.