तारकागुच्छाचं वय खळ्यावरून ओळखा

भाऊ, महागडी दुर्बीण आत्ताच घेऊ नका. १०×५० ची द्विनेत्री पुरते. डिसेंबरअखेर, अमावस्येच्या आसपास, रात्री आठला खळ्यावर बाज टाका. अंगणातला बल्ब बंद करून डोळ्यांना २०-३० मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. शेजारी पऱ्हाटी पेटली असेल तर त्या रात्रीचा नाद सोडा, धुरात अंधुक काही दिसत नाही.

तारकागुच्छ म्हणजे एकाच वायूच्या ढगातून एकत्र जन्मलेले तारे. तो वायू त्यांच्याभोवती उरलाय का, यावरून वयाचा अंदाज येतो. आधी मृग नक्षत्राची तलवार, म्हणजे पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांखालची ओळ. तिथला धूसर डाग म्हणजे ज्यातून तारे नुकतेच जन्मले तो वायू, वय जेमतेम २०-३० लाख वर्षं. मग उत्तरेला शर्मिष्ठा आणि ययाती या तारकासमूहांच्या मधे जोडगुच्छ (शेजारी-शेजारी दोन गुच्छ) पाहा: सुमारे १.४ कोटी वर्षांचा, ७,५०० प्रकाशवर्षं दूर. इथं जन्मवायू उरलेला नाही. जड ताऱ्यांचे अतिनील किरण आणि वारे काही लाख वर्षांतच तो हाकलू लागतात. वायू गेला की गुरुत्वाची पकड ढिली होते. ढगातल्या थोड्याच वायूचे तारे बनले असतील, तर गुच्छ विखुरतो. बहुतेकांचं हेच होतं. दाट, जड गुच्छच टिकतात.

नवखे हमखास फसतात ते कृत्तिकांत. फोटोतलं निळं धुकं जन्माचं नाही. १० कोटी वर्षांच्या त्या गुच्छाच्या वाटेत आलेला तो परका ढग आहे.