बाटलीवरचा आकडा आणि आतली व्हिस्की

प्रश्न : स्कॉचच्या लेबलवर '१२ इयर्स ओल्ड' असेल तर आतली सगळी व्हिस्की बारा वर्षांचीच असते का? आणि वय न छापलेली बाटली हलकी समजायची का?

उत्तर : छापलेला आकडा बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. शंभर पिंपं २० वर्षांची आणि एकच १२ वर्षांचं असलं, तरी लेबलवर १२च येतं. सरासरी काढलेली चालत नाही.

वय छापलं नसेल तर ती किमान ३ वर्षं स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपर्यंतच्या ओकच्या पिंपात मुरली आहे, एवढं नक्की धरा. २००९च्या नियमांनुसार त्याशिवाय तिला स्कॉच म्हणताच येत नाही. वय न छापण्यामागे नेहमी लबाडी नसते. समजा, १५ वर्षांच्या मालात धुराच्या चवीसाठी ६ वर्षांचा थोडा माल मिसळला, तर आकडा ६ येणार आणि गिऱ्हाईक बाटली परत फळीवर ठेवणार. मिश्रणात कोणत्या वयाचं किती, हे सांगायलाही नियम आड येतो. कंपास बॉक्स कंपनीने २०१५ मध्ये ते जाहीर केलं होतं, पण तो तपशील मागे घ्यावा लागला. ग्राहकाला खरी माहिती देऊ न देणारा हा नियम आम्हाला चुकीचा वाटतो.

'रिझर्व्ह', 'रेअर' असल्या शब्दांवरून वय ठरवू नका. कारखान्याच्या स्थापनेचं साल म्हणजेही वय नव्हे. अमेरिकी बाटलीवर मात्र 'स्ट्रेट बर्बन' (बर्बन म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की) असेल आणि वय नसेल, तर ती किमान ४ वर्षांची असते, कारण त्याहून कोवळ्या मालाचं वय तिथे छापावंच लागतं.

प्रश्न : १२ वर्षांपेक्षा १८ वर्षांची बाटली कितीतरी महाग असते. तेवढी चवही वाढते का?

उत्तर : किंमत का वाढते, ते हिशेबातून कळतं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. २५० लिटरच्या पिंपात १२ वर्षांनी सुमारे १९६ लिटर उरते, १८ वर्षांनी १७४, तर २५ वर्षांनी १५०च्या आसपास. शिवाय पैसा आणि गोदामाची जागा तितकी वर्षं अडकून पडते. हा सगळा खर्च खरा आहे, पण त्याने चव वाढेलच असं नाही.

चव बरीचशी पिंपावर ठरते. बर्बन किंवा शेरी (स्पेनची कडक वाइन) काढल्यावर पहिल्यांदाच स्कॉच भरलेलं पिंप लवकर रंग आणि गोडवा देतं. तेच तीन-चारदा वापरलं की लाकूड थकतं आणि १८ वर्षांनंतरही माल फिका राहू शकतो. उलट, जोमदार लाकडात जास्त मुरली तर जिभेला तुरट, कडवट लागते. पीटच्या (दलदलीतल्या, जळणासाठी वापरतात त्या मातीच्या) धुराची चव आवडत असेल तर ८ ते १० वर्षांची घ्या, कारण वयाबरोबर धूर मंदावतो. गडद रंगावर तर मुळीच जाऊ नका. स्कॉचमध्ये साधा कॅरमेल रंग घालायला परवानगी आहे. जर्मनीत विकायच्या बाटलीवर तो सांगावा लागतो, म्हणून मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'मिट फार्बश्टोफ' (Mit Farbstoff, म्हणजे 'रंग घातलेली') दिसतं का, ते बघा.

प्रश्न : दोन बाटल्यांच्या किमतींची तुलना कशी करावी?

उत्तर : मिलीलिटरला अल्कोहोलच्या टक्क्यांनी गुणून १००ने भागा. ७०० मिलीची ४० टक्क्यांची बाटली म्हणजे २८० मिली शुद्ध अल्कोहोल, ४६ टक्क्यांची ३२२ आणि ५७ टक्क्यांची ३९९. किमतीला या आकड्याने भागलं की महाग वाटणारी ५७ टक्क्यांची बाटली कधी कधी स्वस्त निघते. तिच्या ३० मिलीत ७ मिली पाणी, म्हणजे चहाचा दीड चमचा घातलं की ती ४६ टक्क्यांवर येते. ४६ किंवा त्याहून जास्त टक्क्यांची व्हिस्की बहुधा गार करून गाळत नाहीत, त्यामुळे तोंडात ती अधिक दाट लागते.

प्रश्न : १२ वर्षांची बाटली घरात दहा वर्षं न उघडता पडून आहे. आता ती २२ वर्षांची झाली का?

उत्तर : नाही. व्हिस्की मुरते ती लाकडात, काचेत नाही. बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवली तर जास्त अल्कोहोलमुळे बूच भुसभुशीत होऊन आत पडतं. उघडल्यावर चौथाईच उरली असेल, तर हवेने चव उतरण्याआधी लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.