आजारातलाच चेहरा आठवतो, आधीचा आठवत नाही

“वर्षश्राद्धही झालं. पण डोळे मिटले की ती पाणी मागतानाच दिसते. धडधाकट होती तेव्हाची आठवतच नाही. मी तिला विसरलो का?”

हा प्रश्न यावल तालुक्यातल्या एका केळीच्या शेतकऱ्याचा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना आबा म्हणू. वय 63. संसार 38 वर्षांचा, त्यातली शेवटची चार वर्षं पत्नीच्या डायलिसिसची. पत्नी जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. लांबलेल्या आजारपणात जोडीदार गेला की हीच तक्रार घेऊन बायका-पुरुष दोघंही समुपदेशनाला येतात, आणि ती सांगताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत असते.

विसर पडलेला नसतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे चारला उठायचं, तापीचा पूल ओलांडून जळगावला जायचं, चार तास मशीनजवळ बसायचं, परत यायचं. चार वर्षांत अशा चारशेच्या वर फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरीला जीव टांगणीला. जे भीतीपोटी पुन्हा पुन्हा घडतं ते मनात सगळ्यात वर बसतं. आधीच्या 34 वर्षांची अशी उजळणी कुणी केलेलीच नव्हती, म्हणून ती खाली दबली.

हाताचंही तसंच. डायलिसिससाठी मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडून फिस्तुला करतात. तिथं बोट ठेवलं की मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागते. ती थांबली तर फिस्तुला बंद पडला. आबा रोज झोपण्याआधी ती थरथर तपासायचे. सव्वा वर्षानंतरही रात्री त्यांचा हात शेजारच्या रिकाम्या जागी जायचा. याला वेड म्हणू नये. हाताला लागलेली ती जबाबदारी आहे, सावकाश सुटते.

घरच्यांनी मायेपोटी दोन चुका केल्या होत्या. एक, आजाराचा विषय निघाला की “आबा, जाऊ द्या, चांगलं आठवा” म्हणत तो मोडायचा. असं दाबलेलं बोलणं रात्री अंथरुणात वर येतं. दुसरी चूक भिंतीवर होती. हार घातलेला फोटो मोबाइलमधला, शेवटच्या सहा महिन्यांतला: सुजलेला चेहरा, डोळ्यांखाली काळं. दिवा लावताना रोज तोच समोर. हे कितीतरी घरांत होतं, कारण घाईत हाताशी तोच फोटो असतो. जुन्या लग्नाच्या अल्बममधला चेहरा स्टुडिओत वेगळा काढून मोठा करून मिळतो. आजाराआधीच्या पाच-दहा वर्षांतला निवडावा. फार तरुणपणचा घेतला तर तो परका वाटतो.

पण फोटो बदलण्याआधी आजारपण सांगून व्हायला हवं होतं. पहिल्या तीन भेटी त्यातच गेल्या: निदानापासून शेवटच्या रात्रीपर्यंत, क्रमानं, काहीही न गाळता. दुसऱ्या भेटीत गाडी पाण्यावर अडली. डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिलं होतं, चहा, दूध, वरणाचं पाणी धरून. जळगावचा मे महिना, पारा 44-45 वर. ती म्हणायची, “दोनच घोट द्या हो.” आबा बाटली कपाटावर ठेवायचे.

अशा वेळी “तुमची काही चूक नाही” असं चटकन म्हणणं निरुपयोगी असतं. माणूस मान हलवतो आणि टोचणी तशीच घेऊन घरी जातो. त्याऐवजी आबांना विचारलं, उद्या डायलिसिसचा नवा पेशंट आला आणि त्याच्या मुलानं पाणी का तोडायचं असं विचारलं, तर काय सांगाल? ते घडाघडा बोलले: लघवी होत नाही, प्यालेलं पाणी अंगातच साठतं, आधी पाय सुजतात, मग ते फुप्फुसात उतरतं, आडवं झालं की श्वास कोंडतो. बर्फाचा खडा चघळायला द्यावा, पण तोही हिशेबात धरावा. केळी बंद, पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडतात. मग दुसऱ्या वर्षीची दिवाळी आठवली, पाहुण्यांच्या गडबडीत ती जास्त पाणी प्याली आणि रात्री दोनला धाप लागून गाडी काढावी लागली होती. इथे ते थांबले. टोचणीला नकार तेवढा लक्षात राहतो, त्यामागचं कारण ती गाळून टाकते. ते कारण त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं.

त्यानंतर 38 पानांची वही. एका पानाला एक वर्ष, लग्नाच्या वर्षापासून. आजाराची चार पानंही त्यातच, फाडायची नाहीत. रोज वीस मिनिटं, दिवसाउजेडी, अंथरुणात नाही. संपलं की लगेच हातापायाचं काम: ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवणं, बागेत चक्कर. तीन-चार पानांनंतर आठवणी आटतात आणि बहुतेक जण वही तिथेच सोडतात. तेव्हा दुसऱ्यांना विचारायचं. पण “ती कशी होती?” असं विचारलं की “फार चांगली होती” एवढंच हाती लागतं. हात, आवाज, वास यांबद्दल विचारावं. ती हाक कशी मारायची? भाकरी थापताना काय पुटपुटायची? शेजारणीनं सांगितलं, बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला बसलो की त्यासाठी शिजवलेल्या पिठाचा पहिला गरम घाटा ती वाटीत काढायची, वर तेल, आणि सगळ्यांच्या आधी स्वतः खायची. ते ऐकून आबा खूप रडले. मग म्हणाले, “हो, आणि जीभ भाजून घ्यायची.” सव्वा वर्षात आजाराआधीची आठवलेली ही पहिली गोष्ट.

सगळ्यांना वही पुरत नाही. सहा महिन्यांहून जास्त काळ दुःख रोज तितकंच तीव्र असेल, जेवणखाण, शेती, माणसं सुटली असतील, दारू वाढली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. गेलेल्या जोडीदारामागे जावंसं, जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. आबांची शेती आणि जेवण चालू होतं. बीपीची गोळी मात्र पत्नी गेल्यापासून बंद होती, ती आधी सुरू करून घेतली. सेवा करणारा माणूस स्वतःचं औषध हमखास विसरतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात पितरांची घागर भरतात. सुनेनं घागर आणली, आबांनी ती स्वतः, काठोकाठ भरली आणि उंबऱ्यावर कुंकवाचं बोट लावून तिचं नाव घेतलं. त्या दिवशी दुपारी ते बराच वेळ घागरीजवळ बसून होते.

वहीची अकरा पानं अजून कोरी आहेत. मंगळवारी-शुक्रवारी चारला जाग येतेच. कधी पाणी मागणारी दिसते, कधी वाटी घेऊन बसलेली. तेव्हा ते उठून चहा ठेवतात आणि उजाडलं की वही काढतात.