80 हजारांत नवा मिड-रेंज कॅमेरा घ्यावा की जुना प्रोफेशनल?

तुम्ही लिहिलंय की लग्नाच्या ऑर्डरी सुरू करायच्या आहेत, हाताशी 80 हजार आहेत आणि घरचे म्हणतात, "जुनी वस्तू नको, वॉरंटीवालीच घे." हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो. जुना प्रोफेशनल घ्या.

मी चिपळूणचा. 2017 मध्ये मीही वॉरंटीचंच ऐकलं होतं. थोरला भाऊ म्हणाला, "दुसऱ्याचं उष्टं कशाला? नवा घे, कमी पडतील ते मी देतो." दिलेही. दोन लेन्सचं किट आलं, 24 मेगापिक्सेल, कार्डाचा स्लॉट एक. त्याच मे महिन्यात आतेबहिणीचं लग्न निघालं. घरचं कार्य, म्हणून फोटोग्राफर मीच. अंगणात मांडव, माजघरात पिवळा बल्ब, त्याच्याखाली ती गौरीहर पुजत बसलेली. फ्लॅश मारला तर तो उजेडच मरेल म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, 6400 वर नेला आणि रवाळ का होईना, पण फोटो काढले. मंगळाष्टका झाल्या, अंतरपाट दूर झाला, तेव्हा मी अगदी समोर होतो. सप्तपदी संपता संपता स्क्रीनवर आलं, कार्ड वाचता येत नाही. कार्ड काढलं, पुसलं, परत घातलं. तेच. पुढे पुण्याला रिकव्हरीला दिलं. पहाटेच्या देवकाचे फोटो निघाले, त्यानंतरचा एकही नाही. कार्ड मात्र वॉरंटीत नवं मिळालं! आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करून तिने अल्बम केला. तो आजही तिच्या टीव्हीखाली असतो आणि मी गेलो की माझी नजर तिकडेच जाते.

दादा आजही म्हणतो, "कार्ड खराब निघालं, त्यात कॅमेऱ्याचा काय दोष?" अरे, कार्ड कुठलंही कधीही जातं. म्हणून तर कामाच्या बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) दोन स्लॉट देतात, एकच फोटो दोन्ही कार्डांवर लिहिला जातो. स्वस्तातल्या नव्या कॅमेऱ्यात हा दुसरा स्लॉट बहुतेक वेळा नसतो. बॉडी बिघडली तर वॉरंटीत दुरुस्त होईल, मुहूर्त कोण परत देणार?

2018 मध्ये मुंबईला बोरा बाजारात जाऊन निकॉन डी750 घेतला, फक्त बॉडी, 62 हजारांना. मॉडेल 2014 चं, पण फुल फ्रेम, म्हणजे जुन्या 35 एमएम फिल्मएवढा सेन्सर. तुमच्या मिड-रेंजमधल्या एपीएस-सी, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या निम्म्याहूनही कमी भरतं. मोठा सेन्सर उजेड जास्त टिपतो, म्हणून माजघरातल्या बल्बखाली हा फरक अल्बमच्या पानावर दिसतो. शिवाय बॉडीतच फोकसची मोटर आहे, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या डी लेन्सही ऑटोफोकस होतात. माझी 50 एमएम तसलीच आहे, पोर्ट्रेट अजून तिच्यावरच काढतो. घेतला तेव्हा शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उघडलं तो आकडा, 48 हजार होता, आज 1 लाख 62 हजार. कंपनीने दीड लाखापर्यंतची चाचणी सांगितली आहे आणि माझं शटर मूळचंच आहे. उद्या गेलंच तर शटर बदलून मिळतं. दादाची जीपही सेकंडहँडच आहे, तिचे किलोमीटर मात्र तो कौतुकाने सांगतो.

शटर काउंटसाठी विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. निकॉनच्या बऱ्याच मॉडेलांत तो फोटोच्या एक्झिफमध्येच, म्हणजे फाइलमध्ये दडलेल्या माहितीत, असतो, तेव्हा समोर काढलेला, एडिट न केलेला फोटो मागा. कॅननच्या 5डी मालिकेत तो तसा मिळत नाही, केबल लावून सॉफ्टवेअरने बघावा लागतो. डी750 च्या काही नगांचं शटर निकॉनने 2015 मध्ये सूचना काढून फुकट बदलून दिलं होतं. सिरियल नंबर टाकून ते आधी तपासा. लेन्स टॉर्चसमोर धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, किंमत कितीही उतरवली तरी सोडून द्या. आमच्याकडे पावसाळ्यात नव्या लेन्सलाही ती धरते, म्हणून हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता 40 ते 50 टक्के.

आणि पुरातला कॅमेरा नको. 22 जुलै 2021 ला इथे बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा भिजलेल्या बॉड्या वाळवून, पुसून विकायला निघालेल्या मी स्वतः पाहिल्या. बॅटरीच्या कप्प्यातले पत्रे हिरवट आहेत का, बारीक स्क्रूंवर गंज आहे का, बघा आणि नाकाजवळ धरून वासही घ्या.

एक राहिलं. तुम्ही व्हिडिओबद्दल काहीच लिहिलेलं नाही. गिऱ्हाइकाला रील्स हव्या असतील तर डी750 घेऊ नका. त्यात 4के व्हिडिओ नाही, स्क्रीनवर बघून शूट करताना फोकस रेंगाळतो. तिथे नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेराच लागेल आणि दोन स्लॉटवाला 80 हजारांत बसवणं कठीण आहे. मग निदान चांगली दोन-तीन कार्डं घ्या आणि प्रत्येक विधीनंतर कार्ड बदला.

डी750 घेतलात तर मेनूत दुसऱ्या स्लॉटचं काम बघा. तिथे 'ओव्हरफ्लो' असतं, म्हणजे पहिलं कार्ड भरल्यावरच दुसरं सुरू होतं. ते 'बॅकअप' करा, पहिल्या ऑर्डरीच्या आदल्या रात्रीच.