लाइमलाइटमधला लाइम लिंबू नव्हे, चुना

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारलं आहे: "ऑफिसात साहेब सारखे बजावतात, सध्या लो प्रोफाइल राहा, लाइमलाइटमध्ये येऊ नका. याला मराठीत काय म्हणावं? आणि लाइमलाइटचा लिंबाशी काय संबंध?"

लिंबाशी काडीचाही संबंध नाही. हे आधी सांगतो, कारण सत्कार समारंभांतले निवेदक 'लाइमलाइटच्या पिवळ्याधमक उजेडात' असली वाक्यं बिनदिक्कत फेकतात. त्यावर कडी म्हणजे, तो प्रकाश लिंबासारखा हिरवट असायचा म्हणून हे नाव पडलं, असं छातीठोकपणे सांगणारे स्वयंघोषित भाषातज्ज्ञ. त्यांनी शब्दकोश उघडायचेही कष्ट घेतलेले नाहीत. इंग्रजीत लाइम हे तीन वेगवेगळे शब्द आहेत. फळाचा लाइम अरबीतून युरोपात गेला आणि तो आपल्या लिंबाच्या गोतातला. झाडाचा लाइम म्हणजे लिंडन वृक्ष. तिसरा लाइम अस्सल जुन्या इंग्रजीतला. चिकट पदार्थ हा त्याचा मूळ अर्थ, आणि त्यावरून भिंत सांधणारा चुना. लाइमलाइट या तिसऱ्याचा.

आता खरी मौज. ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकत्र जाळून निघणारी ज्योत कळीच्या चुन्याच्या खड्यावर सोडली, की चुना वितळत नाही, कारण त्याला वितळायला २,६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. तो नुसता तापतो आणि डोळे दिपवणारा पांढराशुभ्र उजेड देतो. १८२०च्या दशकात गोल्ड्सवर्दी गर्नी या कॉर्नवॉलच्या माणसाने हे प्रयोग केले. पण त्याचा उपयोग ओळखला तो थॉमस ड्रमंड या लष्करी अभियंत्याने. आयर्लंडची मोजणी चालू होती, हवा कायम धूसर, लांबच्या डोंगरावरची खूण दिसेना. ड्रमंडने डोंगरमाथ्यावर हा दिवा लावला आणि तो शंभर किलोमीटरहून लांबून दिसला. म्हणून कित्येक वर्षं त्याला ड्रमंड लाइटच म्हणत. १८३७ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो रंगमंचावर आला.

तिथे त्याचा वाक्प्रचार का झाला, हे मात्र कुणी सांगत नाही. चुन्याचा खडा एका जागी जळून खड्डा पडे, म्हणून तो सतत फिरवत राहावा लागे. त्यासाठी प्रत्येक दिव्यामागे एक माणूस बसे, आणि माणूस होता म्हणूनच दिवा हलवता येई. दिव्याचा झोत मुख्य नटाच्या मागेमागे फिरे, बाकीचे नट गॅसबत्त्यांच्या मंद उजेडात राहत. लाइमलाइटमध्ये असणं म्हणजे नुसतं उजेडात असणं नव्हे. कुणीतरी मुद्दाम आपल्यावर उजेड धरून बसलेलं असणं. वर्तमानपत्री मराठीतल्या 'प्रसिद्धीच्या झोतात' या प्रयोगावर माझा राग आहे तो यासाठी. झोत आहे, पण तो धरणारा हात त्यात नाही.

आणि तो हात मराठीत आहे! टेंभा मिरवणे. कोशकार याचा अर्थ 'बढाई मारणे, मोठेपणा दाखवणे' एवढाच देऊन मोकळे होतात, आणि फार तर वरातीतल्या मशालींकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. वरातीत टेंभे सगळ्यांवरच उजेड पाडतात, त्यात एकट्याचा मोठेपणा कसला? विजेच्या आधीचा खेळ डोळ्यांसमोर आणा. तमाशाच्या फडाला मशालीचा उजेड. बोलणाऱ्याचं तोंड दिसायचं तर मशाल त्याच्याजवळ न्यायला हवी. ज्याच्यापुढे टेंभा, त्याच्याकडे लोकांचे डोळे. 'तो आपल्या विद्वत्तेचा टेंभा मिरवतो' म्हणजे स्वतःवरचा उजेड स्वतःच धरून फिरतो, आणि त्या वाक्प्रचारातला टोमणा नेमका इथून आला, असं माझं मत आहे. त्याला लेखी पुरावा मागणाऱ्यांनी वरातीच्या कल्पनेलाही तो मागावा. लंडनमध्ये चुन्याचा दिवा लागल्यावर सहाच वर्षांनी, १८४३ मध्ये, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. वाशीच्या नाट्यगृहाला भाव्यांचं नाव आहे. तिथे जाणाऱ्या नवी मुंबईकरांनी तरी आपला टेंभा सोडून लाइमलाइटमागे धावू नये.

रंगमंचाचाच दुसरा शब्द अपस्टेज. तालमीत आपण रोज 'अपस्टेजला जा' म्हणतो, पण वर का म्हणायचं? जुन्या युरोपीय रंगमंचाला उतार असे, मागची बाजू उंच. मागे जाऊन उभ्या राहिलेल्या नटाशी बोलायचं तर समोरच्याला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागे. झालं, लक्ष पळवलं! गडकरी रंगायतनला नाटक पाहून तलावपाळीवर भेळ खाताना याला आपण काय म्हणतो? 'फुटेज खाल्लं.' याला बाजारू म्हणून नाक मुरडणाऱ्यांची मला चीड येते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट. महागडी फिल्म फुटाफुटाने मोजली जाई, आणि दुसऱ्याच्या वाट्याचे फूट खरोखरच कुणीतरी खाई. फूट आणि फुटेज इंग्रजी, खाणं मात्र पैसे खाणे, भाव खाणे, डोकं खाणे या घराण्यातलं. इतका सकस मराठी प्रयोग गेल्या काही दशकांत दुसरा झालेला नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे रडार. ठाणे-वाशी लोकलमध्ये शेजाऱ्याच्या पेपरात डोकावा, 'अमुक नेते तपास यंत्रणांच्या रडारवर' दिसेलच. रडार गोळी मारत नाही, ते फक्त पाहतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं 'निशाण्यावर' किंवा 'जाळ्यात'. रडार हे अमेरिकी नौदलाने १९४० मध्ये बनवलेलं आद्याक्षरी नाव, रेडिओ लहरींनी वस्तू शोधून तिचं अंतर मोजणारं यंत्र. त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे फार खालून उडणारं विमान क्षितिजाआड राहतं. इंग्रजीत गाजावाजा न करता काम उरकणाऱ्याला रडारच्या खालून उडणारा म्हणतात, ते त्यामुळे. पण 'आम्ही रडारखाली राहून काम केलं' असं मराठीत लिहिलं की यंत्राखाली बसून काम केल्यासारखं वाटतं. 'कुणाच्या नजरेत न येता' म्हणा.

राहिलं लो प्रोफाइल. प्रोफाइल म्हणजे बाजूने दिसणारी आकृती, ती ठेंगणी ठेवायची. 'प्रोफाइल खाली ठेवा' असं भाषांतर कृपा करून करू नका. 'हायलाइट होऊ नको' हे तर त्याहून वाईट, हायलाइट हा चित्रातल्या सर्वांत उजळ ठिपक्याचा शब्द आहे. आपल्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या आहेत, "फार डोळ्यावर येईल असं काही करू नकोस." डोळ्यात भरणं चांगलं, डोळ्यावर येणं वाईट, केवढा फरक. साहेबांना हेच सांगायचं आहे. 'दडी मारा' म्हणू नका, त्यात अपराध आहे. 'अज्ञातवासात जा' तर मुळीच नको, पांडवांना तिथे वेष आणि नावंही बदलावी लागली होती, आणि ऐरोलीच्या ऑफिसात ओळखपत्र गळ्यात अडकवल्याशिवाय कुणी आत सोडत नाही.