‘मार्ग मीच आहे’ : यातला ‘च’ गाळता येईल का?

सोलापूरच्या पूर्व भागात संडे स्कूल घेणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे : नाताळच्या कार्यक्रमाला या वर्षी मंडळीबाहेरच्या, म्हणजे आपल्या चर्चमध्ये न येणाऱ्या शेजाऱ्यांनाही बोलवायचं आहे. पत्रिकेवर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातलं, येशूच्या तोंडचं ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’ हे वचन घ्यायचं ठरलं. कमिटीतले एक जण म्हणतात, ‘मीच’ कानाला टोचतं, नुसतं ‘मी’ करू. तसाही हा ‘च’ मराठी भाषांतरकारांनी पदरचा घातला असणार. दुसरे म्हणतात, उलट खाली ठळक अक्षरांत ‘आमच्याच मंडळीत या, तारण मिळवा’ असंही टाका. ताईंचा प्रश्न असा, की हा ‘च’ मूळचा आहे का, आणि तो काढला किंवा दुसरीकडे लावला तर काय बिघडतं?

ताई, आधी उत्तर देतो. वचनातला ‘च’ मूळ अर्थातलाच आहे, तो काढू नका. ‘आमच्याच’ मधला ‘च’ त्या वचनात कुठेही नाही, तो छापू नका. दोन्ही चुका सारख्याच वजनाच्या आहेत असं माझं मत आहे.

‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्यावर सगळं ठरतं. ‘चादर सोलापुरातच मिळते’ म्हटलं की बाकीची गावं बाद झाली. ‘सोलापुरात चादरच मिळते’ म्हटलं की टॉवेल बाद झाले. ‘सोलापुरात चादर मिळतेच’ म्हटलं तर कुणीच बाद होत नाही, फक्त मिळेल की नाही ही शंका जाते. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी संस्कृतातल्या ‘एव’बद्दल हाच विचार फार बारकाईने केला आहे. ‘पार्थ एव धनुर्धरः’, म्हणजे पार्थच धनुर्धर. इथे दुसऱ्यांना वगळलं जातं, म्हणून हा अन्ययोगव्यवच्छेद. ‘शंखः पाण्डुर एव’, शंख पांढराच. इथे दुसऱ्या पांढऱ्या वस्तूंबद्दल काहीच म्हटलेलं नाही, शंखाचा पांढरेपणा तेवढा पक्का केला, तो अयोगव्यवच्छेद. तिसरा प्रकार ‘नीलं सरोजं भवत्येव’, निळं कमळ असतंच.

हे पत्रिकेच्या मजकुराला लावून बघा. ‘येशू तारणाराच आहे’ हे शंखासारखं वाक्य, त्यात दुसऱ्या कुणाबद्दल अवाक्षर नाही. ‘येशूच तारणारा आहे’ हे पार्थाचं. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा या दुसऱ्या वाक्यात आहे. तो गोड वाटो वा न वाटो, दावा तोच आहे.

मराठी कानाला असा दावा परका नाही. आपला ‘च’ संस्कृतातल्या ‘आणि’ अर्थाच्या ‘च’सारखा दिसत असला, तरी त्याचं काम ‘एव’चं आहे, आणि त्याचं नातं महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘चिअ’, ‘चेअ’ या शब्दांशी आहे. संतांच्या ओव्या-अभंगांत तो ‘चि’ म्हणून भेटतो. तुकोबांचं ‘तोचि साधु ओळखावा’ आठवा. रंजल्यागांजल्यांना आपलं म्हणणारा तोच साधू. बाकी कितीही टिळे-माळा असोत, ते बाद. गीतेतल्या ‘मामेकं शरणं व्रज’ मध्येही ‘एकम्’ आहे, आणि तो कुणी गाळत नाही.

आता भाषांतरकारांवरचा आळ. मूळ ग्रीक वाक्य ‘एगो एइमी’ असं सुरू होतं. ग्रीकमध्ये ‘एइमी’ या क्रियापदातच ‘मी’ असतो, त्यामुळे वेगळा ‘एगो’ आला की तो सहसा जोर देण्यासाठी येतो. शिवाय मार्ग, सत्य, जीवन या तिन्ही नामांआधी निश्चितता दाखवणारं उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) आहे. मराठीत असं उपपद नाही. ‘मी मार्ग आहे’ एवढंच लिहिलं तर ‘अनेकांतला एक मार्ग’ असंही कुणी वाचेल. ती उणीव भाषांतरकारांनी दोन प्रकारे भरून काढली : ‘मी’ला वाक्याच्या शेवटाकडे, क्रियापदाला खेटून नेलं, आणि त्याला ‘च’ लावला. एवढ्यानंही शंका उरली तर वचनाचा उत्तरार्ध आहेच, ‘माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही’. तो ठेवून वरचा ‘च’ काढणं म्हणजे दार लावून कडी तेवढी काढणं.

तुमच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पुष्कळ घरं आहेत, तिथे तर याचा ताळा घरबसल्या घेता येतो. शेजारच्या आजींना तेलुगू बायबल काढायला सांगा. तिथे ‘नेने’ आहे, नुसतं ‘नेनु’ नाही. कन्नडमध्ये ‘नाने’ आहे, नुसतं ‘नानु’ नाही. शेवटचा तो दीर्घ ए म्हणजे आपला ‘च’. हिंदीत ‘मैं ही हूँ’. वेगवेगळ्या भाषांतल्या माणसांनी तोच जोर ऐकला, म्हणजे तो एकट्या मराठीच्या पदरचा नव्हे.

पण या ‘च’चा सूर कुठला, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते कळायला वचनाच्या आधीची ओळ वाचावी लागते. ही शेवटच्या रात्रीची गोष्ट आहे. येशूने नुकतेच शिष्यांचे पाय धुतले आहेत, आपण जाणार असं सांगितलं आहे, आणि ते घाबरले आहेत. थोमा विचारतो, तुम्ही कुठे जाता तेच आम्हांला ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार? त्याला हे उत्तर मिळतं. थोमाने मार्ग विचारला म्हणून उत्तरात ‘मार्ग’ आधी येतो, आणि मार्ग कोणता याची जागा ‘मीच’ भरून काढतो. ‘आता कोण आहे आम्हाला?’ असं रडत विचारणाऱ्या लेकराला आई ‘मी आहे ना, मीच आहे’ म्हणते, त्या जातीचा हा ‘च’ आहे. तो धीर देण्यासाठी उच्चारला गेला. त्यातलं वगळणं खरं आहे, पण बोट शेजाऱ्याकडे दाखवलेलं नाही. व्यासपीठावरून हेच वाक्य आवाज चढवून, दुसऱ्यांच्या देवांची नावं घेऊन फेकलं, की अक्षरं तीच राहतात आणि वाक्य बदलतं. याची जबाबदारी बोलणाऱ्याची.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात स्पष्ट बजावलं आहे, की तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल. पाळकसाहेब, धर्मगुरू, उपदेशक, संडे स्कूलचे शिक्षक, सगळे त्यात आले. शिक्षकाच्या हातून ‘च’ दोन तऱ्हांनी बिघडतो.

एक, पाहुण्यांसमोर गाळायचा आणि रविवारी मंडळीत पुन्हा लावायचा. हा सौजन्याचा प्रकार मुळीच नाही, ही लपवाछपवी आहे. आपल्या सिद्धेश्वरांच्या गावात वेगवेगळ्या श्रद्धांची माणसं पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या सणांना जातात, ती समोरच्याची श्रद्धा काय आहे हे जाणून जातात. त्यांना अर्धं वाक्य देणं हा त्यांचाच अपमान आहे.

दोन, ख्रिस्ताचा ‘च’ उचलून स्वतःला लावायचा. हा रोग जुना आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात योहान हा शिष्य येशूकडे तक्रार करतो, की एक माणूस तुमच्या नावाने भुतं काढत होता, पण तो आपल्यातला नाही म्हणून आम्ही त्याला मना केलं. येशू म्हणतो, मना करू नका. करिंथच्या मंडळीत पौल आणि अपुल्लोस या शिक्षकांवरून ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ अशी ओढाताण झाली, तेव्हा खुद्द पौलानेच विचारलं, ख्रिस्ताचे तुकडे झाले आहेत काय? ‘आमच्याच मंडळीत’ ही तुमच्या कमिटीतली ओळ त्या करिंथकरांचीच आहे.

‘च’ न गाळता आदर राखता येतो, हे कॅथलिक चर्चच्या 28 ऑक्टोबर 1965 च्या जाहीरनाम्यात दिसतं. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं त्यात म्हटलं आहे, आणि लगेच पुढे, ख्रिस्त हा मार्ग, सत्य व जीवन आहे हे सांगणं चर्चला चुकवता येत नाही, असंही. दोन्ही एकाच परिच्छेदात आहेत. आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आयुष्यभर ख्रिस्तच गायला, आणि तरीही तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते सांगत. पूल पाडायची गरज त्यांना वाटली नाही.

तेव्हा पत्रिकेवर थोमाचा प्रश्न आणि त्याखाली पूर्ण वचन, योहान 14:5-6 असा संदर्भ देऊन छापा. प्रश्न वाचला की ‘मीच’ टोचणार नाही. खालची ‘आमच्याच मंडळीत’ ही ओळ काढून ‘सर्वांना आगत्याचं निमंत्रण’ एवढं पुरे. कुणी शेजाऱ्याने ‘मीच’चा अर्थ विचारला तर संडे स्कूलच्या मुलांनाही तो शांतपणे सांगता आला पाहिजे, तेवढी तयारी त्यांच्याकडून करून घ्या.

आणि प्रूफ तपासताना एक बघा. ‘च’ शब्दाला जोडूनच लिहायचा : ‘मीच’, ‘येशूच’. डीटीपीत पुष्कळदा ‘मी च’ असं सुटं पडतं, किंवा ओळ तुटून ‘च’ खाली जातो. तेलुगू मजकूरही टाकणार असाल तर तो तेलुगू जाणणाऱ्याकडूनच वाचून घ्या. ‘नेने’चं ‘नेनु’ झालं तर तिकडचा ‘च’ जाईल आणि मराठीवाल्यांच्या लक्षातही येणार नाही.